काळी दारू आणि अवघडपणाचा हिशेब

इथल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात शॉटगनच्या काडतुसांचा एखादा नवाकोरा खोका उचलून बघा. (तुम्ही उचलणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून मीच सांगते.) त्यावर छर्र्यांचं वजन आणि नंबर यांच्या शेजारी अजूनही बऱ्याचदा एक आकडा छापलेला असतो: ३ ड्रॅम इक्विव्हॅलंट. आत तीन ड्रॅम असं काहीही नसतं. आत असते बिनधुराची आधुनिक दारू, आणि ती ड्रॅममध्ये कुणी मोजत नाही. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की हे काडतूस आपले छर्रे तीन ड्रॅम काळ्या दारूच्या जुन्या काडतुसाइतक्याच वेगाने फेकतं. काळी दारू रोजच्या वापरातून जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, पण माप तिचंच राहिलं. घोडा गेला आणि हॉर्सपॉवर राहिली, तसं.

मी गेली तीन वर्षं त्या जुन्या मापाची खरी काडतुसं हाताने भरते. सिनसिनाटीत पोस्टडॉक म्हणून आले, शहराबाहेरच्या एका रेंजवर एका सहकाऱ्याबरोबर सहज गेले, आणि तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या बंदुकीतून निघालेला पांढरा ढग बघून थांबले, ती थांबलेच. 'शनिवारी दारू भरायला जाते' असं फोनवर सांगितल्यावर आईच्या बाजूला जी शांतता पसरली, तिचं श्रेय आपल्या भाषेला. प्यायची आणि उडवायची, दोन्हींसाठी आपण एकच शब्द ठेवला आहे.

बंदूक हा शब्द या देशात निरागसपणे लिहिता येत नाही, हे आधीच कबूल करते. वर्गात कुणी गोळीबार करू लागलं तर कुठे पळायचं, कुठे लपायचं, याचं प्रशिक्षण मीही घेतलं आहे. तो विषय या लेखापेक्षा मोठा आहे आणि त्याला इथे कोपऱ्यात बसवणं बरोबर होणार नाही. मला बोलायचं आहे ते एका लहान, पण मला सोडवत नसलेल्या प्रश्नाबद्दल. सोपी वाट समोर असताना माणूस मुद्दाम अवघड वाट धरतो, तेव्हा त्यात काही नैतिक पुण्य असतं का? की तो नुसता छंद, आणि पुण्य आपण वरून चिकटवतो?

आधी ती वाट किती अवघड आहे ते बघा. कागदाचं नळकांडं, बुडाशी पितळेची वाटी. उडून गेलेली टोपी काढून नवी बसवायची. मग मापाने दारू: तीन ड्रॅम, म्हणजे ८२ ग्रेन, सव्वापाच ग्रॅमच्या आसपास. त्यावर जाड पुठ्ठ्याची चकती, दाबून. दारू आणि चकती यांच्यामध्ये हवेची पोकळी राहता कामा नये. काळ्या दारूत ती धोक्याची असते. मग तेल पाजलेली फायबरची जाड गादी. मग एक पूर्णांक एक अष्टमांश औंस, म्हणजे ३२ ग्रॅम छर्रे. वर पातळ चकती, आणि शेवटी नळकांड्याची कड आत वळवायची. ही शेवटची पायरी शिकायला मला अजिबात वेळ लागला नाही. ती करंजीची मुरड आहे. आधुनिक काडतुसाचं तोंड कळ्या पाडून मिटतात, ते मोदकाच्या घराण्यातलं. जुनं काडतूस करंजीचं.

गादीला कोणतं वंगण लावायचं हा क्लबातला न संपणारा वाद आहे. कुणी डुकराची चरबी सांगतं. काडतूस, चरबी आणि भारतीय माणूस एका वाक्यात आले की १८५७ आठवणारच. ती काडतुसंही काळ्या दारूचीच होती. मी मधमाशीचं मेण आणि ऑलिव्हचं तेल वापरते. तत्त्व वगैरे नाही, ते स्वयंपाकघरात असतं म्हणून. मात्र एक नियम मी कधीच सैल सोडत नाही: टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. काळ्या दारूचं माप चुकून बिनधुराच्या दारूने भरलं, तर नळी फुटते आणि धरणाऱ्याची बोटं जातात.

बार काढून झाला की काम संपत नाही, निम्मं उरतं. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं हे मिश्रण जळताना निम्म्याहून जास्त वस्तुमान घनरूपातच राहतं. त्यातलं काही धूर होऊन हवेत जातं आणि उरलेलं नळीत बसतं. नळीतलं हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पोलादाला गंज चढवतं. त्यामुळे त्याच दिवशी गरम पाणी, साबण, कोरडं फडकं, तेल. नळ्यांना दर रविवारी अभ्यंगस्नान. हवेत सडक्या अंड्याचा वास राहतो तो वेगळाच. माल मिळण्याचीही शाश्वती नसते. २०२१ साली लुइझियानातला गोएक्सचा कारखाना बंद पडला तेव्हा क्लबात सुतक होतं. पुढे तो विकत घेतला एस्टीज कंपनीने. मुलांची रॉकेटं बनवणारी कंपनी, आणि त्या रॉकेटांच्या इंजिनात हीच दारू असते.

एवढं करून मिळतं काय? दुकानातलं काडतूस जे करतं तेच, तेवढ्याच वेगाने. वर धूर.

मला हे सगळं ज्यांनी शिकवलं ते क्लबातले एक निवृत्त टूलमेकर आहेत. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात, मीही मारते, पण मनात त्यांना वस्ताद म्हणते. त्यांची दुनळी १८८०च्या दशकातली आहे, बाहेर घोडे असलेली, आणि नळ्यांवर डमास्कसची नागमोडी नक्षी. असल्या नळ्या बंदुकांच्या जाणकार कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय वापरायच्या नसतात. त्यांनी घेतल्या आहेत. चाळीस वर्षं ते काळ्या दारूने फेझंटची शिकार करत आले आहेत. त्यांचं म्हणणं साधं आहे: 'मी साधन जुनं घेतो म्हणजे पक्ष्याला संधी मिळते. हे न्यायाचं आहे.'

हे नवीन नाही. स्पॅनिश तत्त्वज्ञ होसे ओर्तेगा इ गासेत यांनी १९४२ साली शिकारीवर जे चिंतन लिहिलं, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. माणसाची बुद्धी आणि शस्त्रं प्राण्याच्या फार पुढे गेली, म्हणून खरा शिकारी आपण होऊन स्वतःला मागे खेचतो, अंतर कमी करतो, आणि तेव्हाच ती शिकार उरते. नाहीतर ती नुसती कत्तल. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची जी व्याख्या केली तीही शेजारचीच: अनावश्यक अडथळे आपखुशीने स्वीकारून ते ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू हाताने भोकात टाकणं कितीतरी सोपं, पण मग तो गोल्फ नव्हे.

मला सूट्स पटतात. पण त्यांची व्याख्या वस्तादांच्या शेतात नेली की एक पाय लटका पडतो. खेळात अडथळा स्वीकारणारा आणि त्याची किंमत मोजणारा एकच असतो. माझा चेंडू पाण्यात गेला, तर हरते मी. फेझंटने मात्र कोणताही अडथळा आपखुशीने स्वीकारलेला नाही. त्याला कुणी विचारलेलंच नाही.

इथे मला जातं आठवतं.

माझ्या आजीने लग्नानंतर कित्येक वर्षं जात्यावर दळलं. पहाटे चारला उठून, पायलीच्या हिशेबाने. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा तिने शेजारणींना साखर वाटली होती, असं ती सांगायची. आता, 'जात्यावरच्या पिठाची चव गिरणीच्या पिठाला नाही' हे वाक्य मी आमच्या घरात पुष्कळ वेळा ऐकलं आहे. आजोबांच्या तोंडून ऐकलं, काकांच्या तोंडून ऐकलं. इथल्या मंडळाच्या दिवाळीत, गोठवलेल्या पुरणपोळ्या गरम करता करता, एका सद्गृहस्थांच्या तोंडूनही ऐकलं. आजीच्या तोंडून एकदाही नाही. जात्यावरच्या ओव्या आपण संग्रह करून जपतो, आणि त्या जपाव्यातच, पण त्यांच्यात माहेरची ओढ आणि सासरचा शीण किती आहे तेही वाचावं. अवघड वाटेचं गुणगान बहुतेक वेळा त्या वाटेवर न चाललेला माणूस करतो. चाललेल्याला गिरणी हवी असते.

म्हणून कुणी 'मी मुद्दाम अवघड करतो' म्हणालं, की मी आता विचारते: कुणासाठी अवघड? माझ्या टेबलावर बसून दोन तासांत पंचवीस काडतुसं भरताना जो वेळ जातो तो माझा. खांदा दुखतो तो माझा. नळी धुते मी. इथवर हिशेब स्वच्छ आहे. समोर मातीची तबकडी असेल, तर तो शेवटपर्यंत स्वच्छच राहतो. तबकडी फुटली काय, न फुटता गवतात पडली काय, तिला काही होत नाही.

ही तबकडी, बरं का, आमच्या गावची. जॉर्ज लिगोव्स्की नावाच्या सिनसिनाटीच्या माणसाने १८८० साली तिचं पेटंट घेतलं. त्याआधी नेमबाजीच्या सामन्यांत पिंजऱ्यातून जिवंत कबुतरं सोडत आणि मारत. मग कबुतरांऐवजी काचेचे गोळे आले. प्रसिद्ध नेमबाज कॅप्टन ॲडम बोगार्डस यांनी ते फेकायच्या यंत्राचं पेटंट १८७७ साली घेतलं होतं. त्यातल्या काही गोळ्यांमध्ये पिसं भरत असत, गोळा फुटल्यावर पक्षी लागल्यासारखं दिसावं म्हणून. पक्षी नको, पण पिसं हवीत. या तपशिलावर मी कितीदा तरी थांबले आहे. माणसाचं कौतुक करावं की कीव करावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या सामन्यांत मेलेली असंख्य कबुतरं पॅसेंजर पिजन जातीची होती. एके काळी या खंडावर त्यांची संख्या अब्जांत होती; थवा डोक्यावरून गेला की तासन्‌तास ऊन दिसत नसे. १८५७ साली ओहायोच्या सिनेटच्या समितीने अहवाल दिला, की या पक्ष्याला कायद्याच्या संरक्षणाची गरज नाही. १९०० साली याच राज्यात, पाइक काउंटीमध्ये, एका मुलाने एक मादी मारली. रानातला शेवटचा पॅसेंजर पिजन म्हणून ती बराच काळ ओळखली गेली. पेंढा भरताना डोळ्यांच्या जागी बुटांची बटणं लावली, म्हणून तिचं नावच 'बटन्स' पडलं. आणि १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था मेली, त्या जातीची शेवटची. तिथला एक जुना पक्षीघराचा भाग तिच्या स्मारकासाठी ठेवला आहे. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेते. पाहुण्यांना पाणघोडा बघायचा असतो.

वस्तादांना मी हे सगळं एकदा ऐकवलं. कारण 'जुनं साधन म्हणजे सौम्य साधन' या समजुतीला इतकं सरळ उत्तर दुसरं नाही. त्या संहाराचा मोठा काळ काळ्या दारूचाच होता. तोच धूर, तीच गरम पाण्याने धुतलेली नळी, तीच पुठ्ठ्याची चकती. जाळी होती, तारायंत्र होतं, रेल्वे होती, हे खरं. पण बंदुकाही होत्या, आणि त्यांच्यामध्ये हीच दारू होती. साधन अवघड असल्यामुळे एकही पक्षी वाचला नाही. माणसं जास्त होती आणि थांबत नव्हती.

आता त्या 'संधी'कडे थोडं बारकाईने बघू. खोक्यावरचा आकडा आठवा. वेगाच्या बाबतीत तीन ड्रॅमचं जुनं काडतूस नव्यापेक्षा दुबळं नाही. म्हणजे उडून जायला पक्ष्याला जास्त वेळ मिळतो, असं काही नाही. फरक आहे तो धुराचा. दमट, वारा पडलेल्या सकाळी पहिला बार काढला, की समोर पांढरी भिंत उभी राहते. तुम्हाला एक-दोन सेकंद काही दिसत नाही. पक्षी पडला का, पडला तर कुठे, की पंखात एक छर्रा घेऊन पलीकडच्या ज्वारीसारख्या उंच गवतात शिरला, हे बघायचे नेमके तेच दोन सेकंद. शिकारीत जखमी पक्षी सापडणं हे तो कुठे पडला ते नजरेने पक्कं धरण्यावर अवलंबून असतं. चांगला कुत्रा बराच भार उचलतो, सगळा नाही. या अडथळ्यामुळे पक्ष्याला मिळते ती संधी कसली? स्वच्छ सुटण्याची नव्हे. अर्धवट लागून न सापडण्याची.

फळावर आपला अधिकार नाही असं म्हणून सुटता येईल. पण इथे फळ झुडपात शिरून दोन दिवसांनी मरतं.

हाताने भरलेल्या काडतुसाबद्दल आणखी एक अभिमान ऐकू येतो, आणि तो मलाही होतो: हे मी केलं, याची जबाबदारी माझी. दुकानातलं काडतूस फुसकं निघालं तर कंपनीला बोल लावता येतो. माझं निघालं तर मला. मला वाटतं यात तथ्य आहे, पण वाटतं तेवढं नाही. जबाबदार कोण हे कळल्याने काम चांगलं होतं असं नाही. त्यातून प्रत्येक काडतुसाची अडचण अशी, की ते तपासायचं तर उडवावं लागतं, आणि उडवलं की ते उरत नाही. आपण तपासतो ती त्याची भावंडं. शितावरून भाताची परीक्षा. पण ही परीक्षा चालते, कारण सगळी शितं एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माझ्या टेबलावर प्रत्येक काडतूस वेगळं शिजतं. सतराव्याला मी चकती किती दाबली, तेव्हा फोन वाजला होता का, यावर ते अवलंबून. माझ्या रोजच्या कामात मी शंभर नमुने एकसारखे बनवण्यासाठी पगार घेते. हाताचं काम एकसारखं नसतं याचं कौतुक मातीच्या भांड्यात शोभतं, काडतुसात नाही. म्हणून मी दाब मोजायचं साधन लावलं, दारू मापाने घेऊनही दर पाचवं माप काट्यावर ठेवते. क्लबात याची थट्टा होते. होऊ दे.

वस्ताद हे सगळं ऐकून घेतात. कमी बोलतात, पण जे बोलले त्याने माझा युक्तिवाद थोडा हलला, तो सांगायला हवा. ते म्हणाले, 'मी पंचवीस यार्डांच्या पुढे बार टाकत नाही. धुरातून दुसरी नळी कधीच नाही. कुत्रा नसेल तर जातच नाही.' मी म्हटलं, मग पुण्य त्या तीन नियमांत आहे, दारूत नाही. हेच नियम दुकानातल्या काडतुसानेही पाळता येतील. त्यावर ते म्हणाले, 'येतील. मी पाळले नसते.'

यावर मी बरेच दिवस विचार केला. त्यांच्यासाठी ते साधन म्हणजे एक व्रत आहे. स्वतःच्या मनाचा भरवसा नसलेला माणूस आधीच स्वतःला बांधून घेतो, आणि त्या बांधण्याला कमी लेखायचं कारण नाही. आपण सगळे करतो. फक्त व्रताला पळवाट फार लवकर सापडते, हे उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर श्रीखंड खाल्लेल्या आपल्यासारख्यांना कुणी शिकवायला नको. उपास मोडला तर पित्त माझं वाढतं. वस्तादांसारखा माणूस एका थकलेल्या संध्याकाळी पस्तीस यार्डांवर मोहात पडला, तर त्या मोडलेल्या व्रताचं पित्त पक्ष्याला होतं. साधन माणसाला आठवण देतं. हात धरत नाही.

शाकाहारी वाचक इथे कधीचे अस्वस्थ असतील: मुळात मारायचंच कशाला? हा प्रश्न सरळ आहे आणि माझ्याकडे त्याचं सुबक उत्तर नाही. 'कॉस्टकोतली भाजलेली पाच डॉलरची कोंबडी खाणाऱ्यापेक्षा शिकारी प्रामाणिक' हे क्लबातलं आवडतं उत्तर अर्धंच खरं आहे. त्या कोंबडीचं आयुष्य वाईट होतं, म्हणून फेझंटचा मृत्यू चांगला होत नाही. शिवाय इथल्या सरकारी जमिनींवरचे बरेचसे फेझंट शिकारीसाठीच वाढवून हंगामात सोडलेले असतात. मूळचा आशियातला, पिंजऱ्यात वाढलेला पक्षी आणि पावणेदोनशे वर्षं जुन्या पद्धतीने 'न्याय' करायला निघालेले आपण. यातलं नाटक दिसत नाही असं नाही.

पण मी या सगळ्यातून बाहेरही नाही, आणि त्याचं कारण इथल्या कायद्यात आहे. एच-वन किंवा जे-वनसारख्या व्हिसावर आलेल्या माणसाला या देशात बंदूक किंवा दारूगोळा बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत रिकामं काडतूस, टोपी, दारू सगळं येतं. अपवाद थोडे आहेत. त्यातला एक म्हणजे शिकारीचा वैध परवाना. (हा लेख म्हणजे कायद्याचा सल्ला नव्हे, तुमच्या वकिलाला विचारा.) म्हणजे मातीच्या तबकड्या फोडण्यासाठी मला आधी कागदोपत्री शिकारी व्हावं लागलं. रीतसर अभ्यासक्रम केला, परीक्षा दिली, परवाना घेतला. जीव घेण्याची परवानगी असेल, तरच निर्जीव तबकडीवर नेम धरा, असा हा उफराटा न्याय. तीन वर्षं तो कागद माझ्या पाकिटात नुसता पडून होता. या नोव्हेंबरात वस्तादांनी मला बरोबर बोलावलं आहे.

त्यामुळे सप्टेंबरपासून मी कागदावर बार काढते आहे. मोठा कागद ताणून लावायचा, वेगवेगळ्या अंतरांवरून एक-एक बार टाकायचा, आणि सगळ्यात दाट भागाभोवती तीस इंचांचं वर्तुळ काढून छर्र्यांची भोकं मोजायची. मी पुठ्ठ्याचा एक फेझंट कापून घेतला आहे, खऱ्या मापाचा. तो कागदावर सरकवत बघते. पंचवीस यार्डांवर तो कुठेही ठेवला, तरी त्याच्याखाली पुरेशी भोकं येतात. चाळीस यार्डांवर त्याला बसण्यापुरत्या मोकळ्या जागा मिळतात, जिथे एकही भोक नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे, जिथे एकच आहे. वस्तादांचे पंचवीस यार्ड कुठून आले, ते मला या कागदांनी समजावलं. ते त्यांनी अनुभवाने ठरवले होते, आणि अनुभव म्हणजे इथे नेमकं काय, ते मी त्यांना विचारलं नाही.

छर्र्यांचाही प्रश्न होता. शिसं गवतात पडून राहतं, दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात जातं, जखमी पक्ष्याला खाणाऱ्या गरुडापर्यंत पोचतं. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं १९९१पासून देशभर बंद आहे. माळावरच्या पक्ष्यांसाठी पुष्कळ ठिकाणी अजून चालतं. पोलादाचे छर्रे जुन्या मऊ नळ्यांवर ओरखडे पाडतात. उरतं बिस्मथ, आणि ते इतकं महाग आहे, की पोस्टडॉकच्या पगारात मोजून घ्यावं लागतं. ते मला बरंच वाटतं. किंमत कुठेतरी पडणारच असेल, तर माझ्या खिशावर पडलेली बरी.

तबकड्यांसाठी मी पुढेही काळी दारूच भरणार आहे, आणि त्याला कोणतंही नैतिक समर्थन जोडणार नाही. धूर सुंदर दिसतो. दणका तडकत नाही, ढकलतो. शनिवारची दुपार बोटांना मेणाचा वास लागून जाते. आनंदाला प्रत्येक वेळी पुण्याचं प्रशस्तिपत्र कशाला हवं? उलट त्याला ते जोडलं, की छंद करणाऱ्याचा आवाज चढतो आणि तो दुकानातलं काडतूस घेणाऱ्याला तुच्छ समजू लागतो. गिरणीचं पीठ खाणाऱ्याला समजतात तसं.

नोव्हेंबरसाठी मी वीस काडतुसं वेगळी ठेवली आहेत, बिस्मथची. वस्तादांना सांगून टाकलं, की पंचवीस यार्डांपलीकडे मी चाप ओढणार नाही, आणि वारा पडलेला असेल त्या दिवशी बंदूक गाडीतच राहील.

'मग बहुतेक दिवस तू नुसतीच चालशील,' ते म्हणाले. 'बूट चांगले घे.'